सेवेनच्या रानवाटा आणि धावणारी पावले

फ्रान्स म्हटले की पॅरिस शहर, लूर्द्सची गुहा आणि फार तर द्राक्षांचे मळे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु त्या देशाच्या दक्षिणेस सेवेन नावाचा एक डोंगराळ, रानाने झाकलेला मुलूख आहे. त्याचा मोठा भाग लोझेर आणि गार या दोन जिल्ह्यांत येतो. सुटीच्या दिवशी सकाळी तेथे आखूड विजारी घातलेली, पाठीवर पाण्याची लहानशी पिशवी बांधलेली माणसे डोंगर धावत चढताना दिसतात. त्यांत शर्यतीत भाग घेणारे असतात, आणि केवळ हौसेने धावणारेही असतात. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, ते त्यांच्या वेगासाठी नव्हे. ज्या वाटांवरून ते धावतात त्या वाटा त्यांच्यासाठी झालेल्या नाहीत. मात्र आज त्या उघड्या राहण्यात या पावलांचा वाटा मोठा आहे.

सर्वांत जुन्या वाटा मेंढरांच्या. उन्हाळा लागला की खालच्या लांगदोक प्रांतातील मैदाने करपतात, आणि धनगर आपले कळप घेऊन मों एग्वाल व मों लोझेर या डोंगरांवरील थंड कुरणांकडे निघतात. आपल्याकडील धनगरांचे तांडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. या रुंद मेंढवाटांना तिकडे ‘द्राय’ म्हणतात. त्या दरीतून न जाता डोंगराच्या धारेवरून जातात, म्हणून धावणाऱ्यास त्या फार आवडतात: एकदा धार गाठली की दोन्ही बाजूंस मुलूख दिसत राहतो. आज बहुतेक कळप मालमोटारींतून जातात. काही थोडे अद्याप पायी जातात.

दुसऱ्या वाटा खेचरांच्या. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी पाडलेली शेते, त्यांना धरून ठेवणारे चुन्याशिवाय रचलेले गडगे आणि त्यांमधून वळणे घेत चढणारी फरसबंदी वाट, अशी येथील रचना आहे. फरसबंदीचे दगड आडवे न बसवता उभे, एकमेकांस घट्ट भिडवून बसवलेले असतात, म्हणजे खेचराचा खूर सरकत नाही. आज त्याच दगडांवर रबरी तळव्याचा जोडा टेकतो. वाटेच्या दोन्ही अंगांस चेस्टनटची झाडे असतात. या झाडाच्या काटेरी फळातील गर वाळवून गरिबांनी पिढ्यानपिढ्या हिवाळे काढले, म्हणून त्याला तेथील लोक ‘भाकरीचे झाड’ म्हणत आले.

आणि रान? ते सगळे निसर्गाने दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड आणि अतिचराई यांमुळे एग्वालचे उतार उघडे पडले होते. प्रत्येक पावसात माती वाहून जाई. जॉर्ज फाब्र या वनाधिकाऱ्याने १८७५ पासून तेथे नव्याने झाडे लावण्यास प्रारंभ केला, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल फ्लाओ यांनी त्यांस साहाय्य केले. धनगरांना हे रुचले नाही, कारण त्यांची कुरणे जात होती. आम्हांस त्यांचाही राग समजतो. तथापि आज बीच आणि फर यांच्या ज्या गर्द सावलीतून माणसे धावतात, ती सावली बऱ्याच अंशी या उद्योगाचे फळ आहे.

एग्वालच्या पायथ्याशी वालरोग नावाचे गाव आहे. तेथून शिखरापर्यंत जाणाऱ्या वाटेला ‘चार हजार पायऱ्यांची वाट’ म्हणतात. पण पायऱ्या मोजावयास कोणी गेले तर त्याची निराशा होईल, कारण तो साधा डोंगरी चढ आहे. गाव सुमारे ३५० मीटर उंचीवर, शिखर १५६५ मीटरवर. म्हणजे बाराशे मीटरांचा चढ. प्रथम चेस्टनट लागतात, मग खुरटी झुडपे आणि उघडे खडक, मग बीचचे रान, आणि शेवटी वाऱ्याने झोडपलेला उघडा माथा. माथ्यावर १८९४ मध्ये बांधलेली दगडी हवामान वेधशाळा आहे. तेथील धावणारे शंभर मीटर चढ म्हणजे सपाटीवरील एक किलोमीटर असा हिशेब धरतात. जाऊन येऊन ही वाट वीस किलोमीटरांहून अधिक. त्यात चढाचे बारा मिळवा. उभ्या चढावर तरबेज धावकही धावत नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून झपाझप चालतात, आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. खरी कसोटी उतरणीची. पानगळीत बीचच्या पानांखाली दगड दडलेले असतात, आणि ओला झालेला पापुद्र्यांचा खडक साबणासारखा निसरडा होतो.

शरद ऋतूत येथे पाऊसही भयंकर पडतो. भूमध्य समुद्रावरून आलेले दमट वारे या डोंगरांवर अडतात आणि एकाच ठिकाणी रिते होतात. १९ सप्टेंबर २०२० रोजी वालरोगच्या परिसरात एका दिवसात ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झाला. आंबोली-खानापूरच्या वाचकांनाही हा आकडा थांबून वाचावा लागेल. अशा पावसात वाट हीच नदी बनते. म्हणून जुन्या लोकांनी वाटेवर ठरावीक अंतराने तिरपे दगड बसवून पाणी बाजूस काढून देण्याची सोय केली होती. हे दगड कोणी पाहिले नाहीत, साफ केले नाहीत, तर काही पावसाळ्यांतच वाटेचा ओढा होतो.

उत्तरेकडील मों लोझेर हा निराळ्या स्वभावाचा डोंगर आहे. उंची १६९९ मीटर, माथा उघडा, आणि हिवाळ्यात हिमवादळ उठले की हातभर अंतरावरचे दिसेनासे होते. वाटसरूंसाठी माथ्यावर उभे दगड रोवलेले आहेत. एकापाशी पोहोचावे आणि पुढचा शोधावा. काही वाड्यांनी तर घंटेसाठी लहान दगडी मनोरे बांधले. वादळ सुटले की गावकरी ती घंटा वाजवीत राहत, आणि वाट चुकलेला मनुष्य तिच्या आवाजाच्या रोखाने घर गाठी. सेर्विएस, ले सान्य यांसारख्या वाड्यांत हे मनोरे अद्याप उभे आहेत.

याच डोंगरावरून १८७८ च्या शरदात स्कॉटलंडचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मोदेस्तीन नावाच्या गाढवीसह बारा दिवसांचा प्रवास करीत गेला. वाटेत नोत्र-दाम-दे-नेज, म्हणजे ‘हिमाची पवित्र माता’, या त्रापिस्त मठात त्याने मुक्काम केला. तो प्रॉटेस्टंट, मठ जवळ येताच आपल्याला धास्ती वाटली हे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पण मठवासींनी त्याचे आगतस्वागत केले. पुढे १८९० मध्ये शार्ल द फुको याच मठात दाखल झाले. २०२२ मध्ये त्यांची संतपदी घोषणा झाली. त्याच वर्षी त्रापिस्त संन्याशांनी मठ सोडला आणि सिस्तर्सियन भगिनी तेथे राहावयास आल्या. स्टीव्हन्सनच्या मार्गावर आज खुणा रंगवलेल्या आहेत: पांढरी पट्टी वर, तांबडी खाली. दोन्ही पट्ट्यांची फुली दिसली की वाट चुकली असे समजावे. अशा दूर पल्ल्याच्या वाटांची योजना फ्रान्समध्ये १९४७ पासून सुरू झाली, आणि खुणा रंगविण्याचे काम स्वयंसेवक करतात.

आता मूळ मुद्दा. लोझेर जिल्ह्यात १८५१ च्या सुमारास १ लक्ष ४० हजारांहून अधिक माणसे होती; आज पाऊण लाखाच्या आसपास आहेत. माणसे गेली, खेचरे गेली, आणि वाटांवर काटेरी झुडपे चढली. फ्रेंच कायद्याने गावची वाट ही गावच्या पंचायतीची मालमत्ता असली, तरी शेजारच्या जमीनमालकाने ती ३० वर्षे आपली म्हणून बिनतक्रार वहिवाटली तर ती त्याची होऊ शकते. लोक ती वापरीत नाहीत असे ठरल्यास पंचायत ती विकूही शकते. उलट, लोकांची ये-जा चालू असणे हाच ती वाट सार्वजनिक असल्याचा आधार मानला जातो. १९८३ च्या कायद्याने जिल्ह्याने नोंदविलेल्या वाटांस संरक्षण दिले: पर्यायी वाट दिल्याखेरीज ती तोडता येत नाही. फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने पंचायतीस आपल्या वाटांची मोजदाद करण्याचा ठराव करता येतो, आणि मोजदाद चालू असेतोवर ती तीस वर्षांची मुदत थांबते.

धावणाऱ्यांमुळे सारेच भले होते असे मात्र नव्हे. शिकारीच्या हंगामात रानडुकरांच्या हाक्याची शिकार चालते. तेव्हा भडक रंगाचे कपडे घालावेत, आणि हाक्याची पाटी दिसताच मागे फिरावे. कुरणाचे फाटक उघडे टाकून पुढे गेलेल्या धावकास धनगर जे बोलतो ते येथे छापण्याजोगे नाही. शिवाय सर्वांची ओढ नावाजलेल्या वाटांकडेच असते. तेथील माती झिजून झाडांची मुळे उघडी पडली आहेत, आणि शेजारच्या दरीतली बिननावाची खेचरवाट झुडपांखाली गडप होत चालली आहे.