दोन पायांवर उभा राहणारा घोडा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर उभे राहणे ही घोड्याची सर्वांत धोक्याची खोड. उसळी मारणाऱ्या घोड्यावरून बहुधा स्वार एकटा पडतो. इथे मात्र चारशे-पाचशे किलोचा घोडा तोल जाऊन स्वाराच्या अंगावर उलटा पडू शकतो. डोक्याचा मागचा भाग आपटल्यास कवटीच्या तळाचे हाड मोडून घोडाही दगावू शकतो.

असा घोडा माजलेला असतो, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. खरे कारण बहुतेक वेळा वेदना, भीती किंवा गोंधळ हे असते. दाढांच्या धारदार कडा, लगामाच्या तोंडातल्या लोखंडाला लागणारा दाढेपुढचा लहानसा दात, पाठीला बोचणारे खोगीर यांची तपासणी आधी पशुवैद्यकाकडून व्हायला हवी. गोंधळ असा होतो: स्वाराची टाच पुढे हाकते, हात लगाम मागे ओढतो. दोन्ही वाटा बंद झाल्या की घोडा वर उठतो. वर उठल्याने स्वार उतरला किंवा काम टळले, की घोडा तेच शिकतो.

दोन कानांमध्ये काठी किंवा पाण्याची बाटली मारावी, मुद्दाम मागे पाडून अद्दल घडवावी, हे सल्ले क्रूर आहेत आणि निरुपयोगीही. मार खाल्लेला घोडा डोक्याकडे येणाऱ्या हाताला भितो आणि अधिकच बिथरतो. कडक लगाम किंवा मान खाली धरून ठेवणारा आवळलेला जेरबंद हाही उपाय नाही. हवेत तोल सावरायला घोड्याला मान मोकळी लागते. ती जखडली तर उलटण्याचा धोका वाढतो.

लगाम घट्ट धरल्याने स्वार वाचतो, हेही खरे नाही. त्या ओढीनेच घोडा मागे पडतो. अशा वेळी पुढे झुकावे, लगाम सैल सोडावा, आयाळ धरावी. घोडा उलटतोय असे वाटताच पाय रिकिबीतून काढून बाजूला उतरावे. खरी संधी त्याआधीची असते: घोडा अडतो, वजन मागे घेतो, पुढचा भाग हलका होतो. पाय अजून जमिनीवर असतानाच त्याला एका बाजूला वळवून चालते करावे. खाली उभ्या माणसाने समोर न थांबता खांद्याच्या बाजूला राहावे. दोर लांब असावा, पण हाताला गुंडाळलेला नसावा.

वरातीत ढोलाच्या तालावर उभा राहणारा घोडा उत्तम शिकवलेला, असेही मानले जाते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझ्झानर घोडे पुढचा भाग उचलतात, पण वर्षानुवर्षांच्या तालमीनंतर, मागचे सांधे खोल वाकवून आणि शरीर जमिनीशी जेमतेम ३०-३५ अंशांत ठेवून. लगामाला हिसके देऊन सरळ उभ्या केलेल्या घोड्याला मात्र ओढ लागताच वर उठायची सवय जडते. तो पुढे स्वारीसाठी विकला गेला, तर नव्या मालकाला ही सवय अनेकदा पाठीवर बसल्यावरच कळते. अशा घोड्याला जाणकार शिक्षकाने आधी जमिनीवरून, हलक्या इशाऱ्यावर पुढे चालायला आणि थांबायला नव्याने शिकवावे लागते. प्रत्येक बरोबर पावलाला इशाऱ्याचा दाब लगेच सोडायचा असतो. तोवर त्याच्यावर नवशिक्याला बसवू नये, आणि अनुभवी स्वारानेही हेल्मेटशिवाय बसू नये.