कर्नलमधला गुणाकार

लिनक्स कर्नलमध्ये ‘केमॅलॉक’ या फंक्शनकडे मेमरी मागताना आकार बाइटमध्ये सांगावा लागतो: नोंदींची संख्या गुणिले एका नोंदीचा आकार. हा गुणाकार ज्या पूर्णांकात होतो त्याला मर्यादा असते. ३२ बिटांत ती ४,२९,४९,६७,२९५ आहे. नोंद १६ बाइटची आणि संख्या २६,८४,३५,४५७ असली, तर उत्तर मर्यादेबाहेर जाते, वरचा भाग गळतो आणि उरतात फक्त १६. केमॅलॉक तेवढेच बाइट देते. पुढचा कोड मात्र कोट्यवधी नोंदी लिहू लागतो आणि शेजारची मेमरी बिघडवतो. ६४ बिटांच्या यंत्रावरही दोन्ही गुणक ३२ बिटांचे असतील, तर हेच घडते.

ही संख्या अनेकदा बाहेरून येते: सिस्टिम कॉलमधून, नेटवर्कवरून, पेनड्राइव्हवरून. कर्नलचा अधिकार सगळ्या यंत्रावर चालतो, त्यामुळे अशी एक चूक हल्लेखोराला पूर्ण ताबा देऊ शकते. अँड्रॉइड फोनही याच कर्नलवर चालतात.

पहिला उपाय म्हणजे गुणाकार स्वतः न करणे. ‘केकॅलॉक’ आणि २०१२ मध्ये आलेले ‘केमॅलॉक_अरे’ संख्या व आकार वेगवेगळे घेतात. गुणाकार मर्यादेबाहेर गेला, तर ते मेमरी नाकारतात.

एखाद्या रचनेच्या (स्ट्रक्टच्या) शेवटी बदलत्या लांबीची यादी असेल, तर गुणाकाराला बेरीजही जोडली जाते. त्यासाठी २०१८ मध्ये कर्नल-विकासक केस कुक यांनी ‘स्ट्रक्ट_साइझ’ आणले. हिशेबाने मर्यादा ओलांडली की ते कमाल संख्या परत करते. एवढी मेमरी मिळणे अशक्य असल्याने मागणी फेटाळली जाते. त्याच वर्षी कर्नलभरातल्या जुन्या मागण्या मोठ्या प्रमाणावर नव्या पद्धतीने लिहिल्या गेल्या.

तरीही एक खाच राहते. संख्या आणि आकार यांचा गुणाकार तपासून देणाऱ्या ‘अरे_साइझ’ने दिलेल्या कमाल संख्येत साध्या अधिक चिन्हाने २४ मिळवले, तर उत्तर २३ येते आणि संरक्षण संपते. म्हणून बेरजेला ‘साइझ_ॲड’ आणि गुणाकाराला ‘साइझ_मल’ वापरावे. ही दोन्ही कमाल संख्येवरच थांबतात.

आकार अचूक ठरला तरी काम उरते. बाहेरून आलेल्या संख्येला वाजवी मर्यादा घालावी, मेमरी खरोखर मिळाली का ते पाहावे, आणि मागणीत वापरलेली संख्याच लिहिताना वापरावी. ती वापरकर्त्याच्या मेमरीतून दुसऱ्यांदा वाचली, तर मधल्या काळात बदललेली असू शकते. २०२३ पासून कर्नलमध्ये आलेली ‘काउंटेड_बाय’ ही खूण यादीची लांबी कुठल्या घटकात आहे हे कंपायलरला सांगते, त्यामुळे त्याला पुढच्या वापरातही सीमा तपासता येते.