गावकुसाबाहेरची चूल

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 साली प्रसिद्ध झाले आणि 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापाने नवविवाहितांच्या हाताला धीर दिला. परंतु या दीर्घ अवधीत ज्या पाकग्रंथांनी मराठी घरांची अन्नपरंपरा लिपिबद्ध केली, त्यांत गावकुसाबाहेरच्या चुलीवर काय शिजत होते याचा तपशील क्वचितच आला. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून आपल्या घरातले आणि भोवतालच्या महार-मांग वस्त्यांतले अन्न निःसंकोचपणे कागदावर आणले, आणि माझ्या मते मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे एक अस्सल दप्तरच त्यामुळे खुले झाले.

पाटोळे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खामगावचे. त्यांच्या ग्रंथात कृतीबरोबर तिची निकडही कळते. वाळवलेल्या मांसाच्या चान्यांचेच पाहा. जनावर मेले की एकाच दिवशी मांस मुबलक हाती येई आणि पुढे दीर्घकाळ त्याचे दर्शन घडत नसे. तेव्हा त्याच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात दोरीवर खडखडीत वाळवून, त्या बेगमीसारख्या जपून ठेवाव्या आणि निकडीच्या दिवशी चार तुकडे काढून कोरड्यास करावे, अशी वहिवाट पडली. रक्त थिजवून कांदा-मिरचीवर परतलेली रक्ती आणि भाजलेले धान्य व मसाले दळून केलेला, पातळ कालवणाला दाटपणा देणारा येसूर, यांमागेही मिळालेले वाया जाऊ न देण्याची तीच दक्षता दिसते. दूध-तुपाला मात्र या पाकशास्त्रात फारसे स्थान नाही.

पाकग्रंथांतल्या या अन्नाविषयीच्या मौनाचे एक कारण लज्जेत होते, आणि ती लज्जा लादलेली होती. मृत जनावर ओढून नेणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक. ते वतन 1958 च्या कायद्याने संपुष्टात आले. त्याच्या कितीतरी आधी, 1927 मध्ये महाडला, डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले होते आणि स्वाभिमानाने पेटलेल्या असंख्य कुटुंबांनी ते पाळले. सोडलेले अन्न लिहून ठेवणे म्हणजे त्याकडे परतणे नव्हे. ज्या आज्यांनी त्यावर लेकरे जगवली, त्यांच्या कौशल्याची ती नोंद आहे, आणि ती नोंद होणे मला अत्यंत अगत्याचे वाटते. भूषण कोरगावकर यांच्या अनुवादामुळे 2024 पासून हा ग्रंथ इंग्रजी वाचकांसही उपलब्ध झाला, ही समाधानाची गोष्ट होय.

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या धायरीत मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली घरे आहेत, आणि त्यांच्याकडे येसूर अजूनही गावाकडून डब्यात भरून येतो. प्रमाण विचारावे तर 'मूठभर' किंवा 'अंदाजानं' असे उत्तर मिळते. आजी किंवा सासूबाई हयात आहेत तोवर ज्या लेकीसुना पाककृतींची वही घालू इच्छितात, त्यांनी या मुठीचे माप तर घ्यावेच. पण तो जिन्नस कोणत्या हंगामात, किती माणसांसाठी आणि कशाच्या अभावी तसा होऊ लागला, हेही त्या मापाखाली दोन ओळींत उतरवून घ्यावे.