कोलंबीची डोकी आणि पाण्याची नळी

आगरदांड्याला राजपुरी खाडीच्या काठी कोलंबी सोलणाऱ्या बायांचे हात पाहत राहावेत. अंगठ्यानं डोकं उडवायचं, पोटाकडून साल सोडवायची, पाठीतला काळा धागा ओढून काढायचा. मांस बर्फात, बाकीचं पायाशी. हे बाकीचं थोडं नसतं: शंभर किलो कोलंबीतून डोकी आणि सालंच चाळीस ते पन्नास किलो निघतात.

डोक्यात पाचक ग्रंथी असते. कोलंबी मेली तरी तिच्यातले पाचकरस काम करत राहतात, म्हणून ढिगाला उन्हात काही तासांतच घाण वास सुटतो. मग नळी लावून सगळं गटारात लोटलं जातं. खरं नुकसान इथं होतं. साल फावड्यानं उचलता येते. पाण्यात विरघळलेली प्रथिनं आणि रस कुणालाच उचलता येत नाहीत. ती खाडीत जातात, जिवाणू त्यांवर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. ज्या खाडीवर मासेमारी चालते, तिचाच श्वास असा कोंडतो.

म्हणून कोलंबी सोलायच्या छोट्या शेडनं आधी यंत्र नव्हे, क्रम बदलावा. डोकी-सालांसाठी टेबलाखाली क्रेट, फरशी आधी कोरडी खरवडायची, गटाराच्या तोंडाशी जाळी, आणि नळीला हात सोडताच बंद होणारं तोंड. पाणी सगळ्यात शेवटी.

अशा गोळा केलेल्या सालांतून कायटिन हा उपयोगी पदार्थ काढता येतो, हे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं केव्हाच करून दाखवलं आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लानं चुन्याचे क्षार काढायचे, कॉस्टिक सोड्यानं प्रथिनं. पण त्यातून आम्ल आणि अल्कलीचं सांडपाणी निघतं. एकट्या शेडनं या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक शेडचा माल एका जागी येत असेल आणि तिथं सांडपाणी शुद्ध करण्याची सोय असेल, तरच ते शोभतं. गावात ताजी डोकी वाळवून कोंबडीखाद्यात घालावी, किंवा बारीक करून फॉर्मिक आम्लात मुरवून टिकवावी. नारळाच्या आळ्यात खत म्हणून पुरणं तर सगळ्यात सोपं.

सगळं अडतं ते ताजेपणावर, आणि ताजेपणा सोलणारीच्या हातात असतो. तिची मजुरी मात्र बहुधा सोललेल्या मांसाच्या किलोवर ठरते. सालं स्वच्छ, वेगळी ठेवायला जाणारा वेळ तिच्या खिशातून जातो. त्या क्रेटलाही किलोमागे दर लावायला हवा, आणि तो मांसाच्या दराबरोबरच तिच्या हातात पडायला हवा.