वेबचं अंतरंग : भाग ९ – पत्ता नेमका चुकतो कुठे?

सणसवाडी, रांजणगाव, चाकण या तिन्ही औद्योगिक पट्ट्यांतला कामगार भाड्याच्या खोलीसाठी शिक्रापूरकडे वळतो. अशा खोल्यांची यादी दाखवणारी एक छोटी वेबसाइट आपण या लेखमालेत बांधतो आहोत. गेल्या भागात नोडवर सर्व्हर सुरू झाला. आज दोन प्रश्न सोडवू. आलेली रिक्वेस्ट योग्य फंक्शनपर्यंत कशी पोचते? आणि ते फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर नोडला सापडतं कसं? पहिल्याला राउटिंग म्हणतात, दुसऱ्याला इम्पोर्ट. दोन्हीकडच्या बहुतेक चुका पत्त्याच्याच असतात.

पुण्याहून आलेला कंटेनर शिक्रापूरच्या चौकात डावीकडे चाकणला वळतो, नाही तर सरळ रांजणगावकडे जातो. ड्रायव्हर पाटी बघून ठरवतो. सर्व्हर मात्र दोन गोष्टी बघतो : पत्ता आणि पद्धत. ‘/खोल्या’ या पत्त्यावर ‘गेट’ आली तर यादी दाखवायची. त्याच पत्त्यावर ‘पोस्ट’ आली तर घरमालकाने भरलेली नवी जाहिरात नोंदवायची. पत्ता एकच, कामं दोन.

२०१० साली आलेली एक्सप्रेस ही नोडवरची सर्वांत परिचित लायब्ररी. ती आपण लिहिलेले राउट वरून खाली तपासत जाते आणि पत्ता जुळला की त्या राउटचं फंक्शन चालवते. त्या फंक्शनने उत्तर पाठवलं की खालच्या राउटची पाळीच येत नाही. खरी गंमत इथे होते. समजा, वर ‘/खोल्या/:क्रमांक’ लिहिलं आणि खाली ‘/खोल्या/नवीन’. विसर्गासारख्या दिसणाऱ्या त्या कोलनचा अर्थ ‘इथे काहीही चालेल’. घरमालक ‘नवीन जाहिरात’ दाबतो. वरचा राउट ‘नवीन’ हाच खोलीचा क्रमांक समजतो, डेटाबेसमध्ये शोधतो आणि ‘खोली सापडली नाही’ असं सांगून मोकळा होतो. प्रोग्रॅम कोसळत नाही, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही. म्हणून नेमके पत्ते वर, मोघम खाली आणि ‘४०४’चा संदेश सर्वांत शेवटी.

इथे पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. कोडमध्ये ते इंग्रजीत ठेवलेले बरे. ‘ख’ हे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि ब्राउझर ते टक्केचिन्हांसकट नऊ चिन्हांत पाठवतो. एक्सप्रेस पत्ता जुळवते तो याच रूपात, त्यामुळे राउटमध्ये सरळ देवनागरी लिहिली तर पत्ता जुळत नाही.

आणखी एक तक्रार नेहमीची : रिॲक्टमधलं पान लिंक दाबून उघडतं, पण रिफ्रेश केलं की ४०४. लिंक दाबली तेव्हा ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने पान बदललं, सर्व्हरला विचारलंच नव्हतं. रिफ्रेश करताच तोच पत्ता सर्व्हरकडे गेला आणि सर्व्हरकडे तो राउट नव्हता. अशा पत्त्यांवर मुख्य एचटीएमएल फाइल पाठवण्याची सोय सर्व्हरवर करावी लागते.

आता इम्पोर्ट. जावास्क्रिप्टमध्ये मुळात मॉड्यूलची सोय नव्हती. २००९ मध्ये आलेल्या नोडने ‘रिक्वायर’ची पद्धत घेतली, भाषेच्या प्रमाणित व्याख्येत ‘इम्पोर्ट’ आणि ‘एक्स्पोर्ट’ आले २०१५ मध्ये. आज दोन्ही पद्धती नांदतात. आपण कोणती वापरतो ते पॅकेज-जेसनमध्ये ‘टाइप : मॉड्यूल’ लिहून स्पष्ट करावं. नोडच्या नव्या आवृत्त्या कोड बघून ओळखतात, तरीही लिहिलेलं चांगलं.

इम्पोर्टचा पत्ता ‘टिंब-स्लॅश’ने सुरू झाला तर नोड इम्पोर्ट लिहिलेल्या फाइलच्या शेजारी शोधतो. टिंब-स्लॅश विसरलात तर तो त्या नावाचं पॅकेज ‘नोड-मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये शोधतो, तिथे नसेल तर वरच्या फोल्डरांत जातो आणि शेवटी ‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हणतो. नव्या पद्धतीत आपल्या फाइलच्या नावापुढचं ‘.जेएस’ही गाळता येत नाही. शिवाय विंडोजवर लहान-मोठ्या लिपीतलं इंग्रजी नाव सहसा सारखंच धरलं जातं, लिनक्सवर नाही. लॅपटॉपवर नीट चालणारी साइट सर्व्हरवर चढवताच पडते, ती अनेकदा एवढ्याशा कारणाने.

एक फायदाही ध्यानात ठेवा. एकच मॉड्यूल दहा फाइलींत इम्पोर्ट केलं तरी ते एकदाच चालतं. म्हणून डेटाबेसची जोडणी स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावी; सगळ्या राउटना तीच मिळते.

या आठवड्यात खोल्यांचे राउट वेगळ्या फाइलमध्ये हलवा, मग ‘नवीन’चा राउट मुद्दाम खाली नेऊन काय होतं ते बघा. चूक दिसली की आधी पत्ता अक्षर-अक्षर वाचा, कोड नंतर बदला. पुढच्या भागात फॉर्ममधून आलेली माहिती तपासायची कशी, ते पाहू.