प्रेमाचा अडसर, गुन्ह्याचा आडोसा

नासिर हुसेन यांनी लिहिलेल्या व निर्मिलेल्या आणि विजय आनंद यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तीसरी मंझिल’ला यंदा साठ वर्षे पूर्ण होत असल्याने राहुलदेव बर्मन यांचे संगीत, शम्मी कपूर यांचा धसमुसळा उत्साह आणि हेलन यांचे नृत्य यांविषयी पुन्हा भरभरून लिहिले जाईल, आणि त्यात वावगे काही नाही, मात्र या कौतुकाच्या गर्दीत चित्रपटाच्या कथानकाची बांधणी दरवेळी मागे पडते. हलक्याफुलक्या प्रेमकथेत खुनाचे रहस्य कसे मुरवावे आणि ते कुठे हातातून निसटते, या दोन्ही गोष्टी हा एकच चित्रपट दाखवतो, म्हणून लेखनाच्या कारागिरीच्या दृष्टीने तो त्याच्या गाण्यांइतकाच मोलाचा आहे. पुढील विवेचनात खुनी कोण हे उघड होणार आहे. साठ वर्षांनंतरही ते गुपित जपावे असा आग्रह धरणाऱ्यांनी आधी चित्रपट पाहून घ्यावा.

चित्रपटाची सुरुवातच मृत्यूने होते. रात्रीच्या वेळी भरधाव मोटारीने आलेली रूपा मसुरीच्या हॉटेलाचे जिने धावत चढते आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळते. या हॉटेलात ड्रम वाजवणारा रॉकी याच्या नादानेच बहिणीने जीव दिला, अशी धाकट्या सुनीताची खात्री असते आणि वर्षभराने ती त्याला धडा शिकवायला निघते. वाटेत आगगाडीत तिचे ज्या तरुणाशी भांडण जुंपते तो अनिल म्हणजेच रॉकी. आपल्याला बडवण्यासाठीच ही मुलगी आली आहे हे कळल्यावर तो रंगमंचावरचे नाव लपवतो आणि खऱ्या नावाने तिच्या प्रेमात पडतो. प्रेक्षकाला हे सारे ठाऊक असते, सुनीताला नसते, आणि या एका तफावतीवर पूर्वार्धातला सगळा विनोद उभा राहतो. नायकाचे लपवणे प्रेमालाही अडवते आणि रूपाच्या मृत्यूचा तपासही रोखून धरते, कारण सुनीता जोवर रॉकीला शोधत असते तोवर खऱ्या गुन्हेगाराकडे कोणाचेच लक्ष जात नाही. म्हणजे अडसर एकच, आणि त्याने दोन दारे बंद केलेली.

अनिल हाच रॉकी हे सुनीताला कळते आणि दोघांची ताटातूट होते तेव्हा नेहमीच्या प्रेमविनोदी कथेत फक्त समेट उरलेला असता. येथे मात्र रूपाचा खून झाला होता ही गोष्ट पुढे येते आणि चित्रपट दुसऱ्या रुळावर जातो: संशयित वाढतात, कोटाचे एक बटण पुरावा ठरते, रॉकीवर जीव टाकणारी रूबी त्याच्यासाठीची गोळी स्वतः झेलते आणि अखेरीस प्रेमनाथ यांनी रंगवलेले भारदस्त कुँवरसाहेब खुनी निघतात. विजय आनंद यांचे कॅमेऱ्यावरचे प्रभुत्व असे की हे सगळे पाहताना कंटाळा येत नाही, पण बांधणी येथेच सैल होते हे मान्य केले पाहिजे. रूपा दुसऱ्याच एका गुन्ह्याची साक्षीदार होती आणि त्या गुन्ह्याचा अनिल-सुनीताच्या प्रेमाशी काडीचाही संबंध नाही. रॉकीचे गुपित फुटले त्या क्षणी प्रेमकथेतला ताण संपलेला असतो आणि उरलेला भाग म्हणजे बाहेरून आणून जोडलेला तपास ठरतो. नायिका तर या काळात बहुतांशी बाजूला उभी असते. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, आलेल्या ‘ज्युएल थीफ’मध्ये विजय आनंद यांनी हा दोष नेमका हेरून दूर केलेला दिसतो: नायक विनयसारखाच दिसणारा अमर नावाचा चोर खरोखर आहे की नाही, हा प्रश्न पोलिसांचाही आहे आणि शालूच्या प्रेमाचाही, आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही.

या दोन कथाप्रकारांचे लग्न लावणे अवघड का जाते, हे त्यांच्या प्रेक्षकाशी असलेल्या नात्यावरून समजते. प्रेमविनोदी कथेचा शेवट पहिल्या दहा मिनिटांतच ठाऊक असतो. ही दोघे एकत्र येणार हे गृहीत धरूनच तिकीट काढलेले असते आणि उत्सुकता असते ती कसे याची. रहस्यकथेत उलट शेवटच दडवलेला असतो. शिवाय प्रेमाला विश्वास लागतो, तर रहस्यकथेचा पहिला नियम असा की कोणावरही विश्वास ठेवू नये. अमेरिकी रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये या प्रकारच्या लेखनाचे वीस नियम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी कथेतून प्रेमप्रकरण हद्दपारच केले होते. गुन्हेगाराला न्यायासनापुढे उभे करायचे आहे, जोडप्याला बोहल्यावर नव्हे, असा त्यांचा रोख होता. नियम करणाऱ्यांना नियम मोडणारे भेटतातच, परंतु येथे नियम मोडला तो सुरुवातीला त्याच मताच्या असलेल्या एका बाईंनी.

इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनाही तपासकथेतले प्रेम ही लुडबुड वाटत असे. आपला लाडका हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याला लग्नाच्या बेडीत अडकवून त्याच्या कथा संपवून टाकाव्यात, या हेतूने त्यांनी ‘स्ट्राँग पॉयझन’ ही १९३० मधील कादंबरी लिहायला घेतली. त्यात हॅरिएट व्हेन या लेखिकेवर आपल्या पूर्वीच्या प्रियकराला सोमल घालून मारल्याचा आरोप आहे, पीटर तिला न्यायालयात प्रथम पाहताच तिच्या प्रेमात पडतो, खरा खुनी शोधून तिला फासापासून वाचवतो आणि आता शेवटच्या पानावर तिने होकार द्यायचा, एवढेच बाकी राहते. सेयर्स यांची लेखणी नेमकी येथे अडली. ज्याने आपला जीव वाचवला त्याला होकार देणाऱ्या स्त्रीचा होकार हा प्रेमाचा की कृतज्ञतेचा, याचा निवाडा कोणी करायचा, आणि हॅरिएटसारख्या मानी स्त्रीला तो प्रश्न पडणार नाही असे कसे मानायचे? रहस्य सुटले म्हणूनच प्रेम अडले. उपकाराच्या या ओझ्यातून दोघांना बरोबरीच्या पायरीवर आणायला लेखिकेला पाच वर्षे लागली. ‘हॅव हिज कार्कस’ (१९३२) मध्ये दोघे एकत्र तपास करतात आणि ‘गॉडी नाइट’ (१९३५) मध्ये ऑक्सफर्डच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात, हॅरिएटच्या स्वतःच्या क्षेत्रात, तिला आपल्या बुद्धीचा मान राखून होकार देता येतो. त्यानंतरच्या ‘बसमन्स हनिमून’चे वर्णन तर सेयर्स यांनी मधूनमधून तपासाचा व्यत्यय येणारी प्रेमकथा असे उपशीर्षकातच करून टाकले. पटकथेच्या कार्यशाळांमधून शिकवल्या जाणाऱ्या तक्त्यांपेक्षा हा चार पुस्तकांचा प्रवास अधिक शिकवतो, कारण रहस्याची उकल ही प्रेमाला वाट करून देणारी न राहता तीच नवा अडथळा होऊ शकते, हे त्या तक्त्यांत सहसा सापडत नाही.

मराठी वाचकाने यासाठी ऑक्सफर्डपर्यंत जावेच असे मात्र नाही. शूद्रकाचे दहा अंकी ‘मृच्छकटिक’ हे गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत रूपांतरामुळे मराठी रंगभूमीचे घरचे झालेले नाटक, गणिका वसंतसेना आणि निर्धन झालेला चारुदत्त यांची प्रेमकथा म्हणून आठवले जाते, परंतु त्याच्या उत्तरार्धात चक्क खुनाचा खटला उभा राहतो. या बांधणीचा कणा म्हणजे वसंतसेनेचे दागिने. पहिल्या अंकात राजाचा मेहुणा शकार याच्यापासून पळताना ती चारुदत्ताच्या घरात शिरते आणि दागिने ठेव म्हणून त्याच्याकडे ठेवते, ज्यामागे पुन्हा भेटण्याचे निमित्त मिळावे हा प्रेमळ कावा असतो. मग शर्विलक भिंत फोडून ते चोरतो, तेही आपल्या प्रेयसीला दास्यातून सोडवण्यासाठी, आणि ते फिरून वसंतसेनेकडेच पोचतात. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा सोन्याच्या गाडीसाठी हट्ट धरून रडतो, तेव्हा ती तेच दागिने त्याच्या मातीच्या गाडीत घालते. येथवर प्रत्येक वेळी हे दागिने दोघांना जवळ आणत आलेले आहेत. त्यानंतर गाड्यांची अदलाबदल होते, वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते, तो उद्यानात तिचा गळा आवळतो, ती मेली असे समजून चारुदत्तावर आळ घेतो, आणि ते दागिने परत करायला निघालेला चारुदत्ताचा मित्र मैत्रेय भर न्यायालयात शकाराशी हमरीतुमरीवर येतो तेव्हा ते त्याच्या काखेतून खाली पडतात. प्रेमाची खूण क्षणात खुनाचा पुरावा होते.

संस्कृत नाट्यशास्त्राने कथानकाचे पाच सांधे मानले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. यांपैकी विमर्श म्हणजे फळ हाताशी आले असताना संकटाने किंवा शापाने ते दुरावते तो भाग. शाकुंतलात तेथे दुर्वासाचा शाप काम करतो. शूद्रकाने त्या जागी न्यायालय आणून बसवले आणि दैवी शापाचे काम परिस्थितिजन्य पुराव्याकडून, म्हणजे प्रत्यक्ष कोणी न पाहिलेल्या पण खुणांवरून जुळवलेल्या साक्षीकडून, करून घेतले. या नाटकात प्रेक्षकाला खुनी ठाऊक आहे आणि वसंतसेना एका भिक्षूच्या शुश्रूषेने जगली आहे हेही ठाऊक आहे, तेव्हा हे आजच्या अर्थाने रहस्य नव्हे असा आक्षेप घेता येईल. तो बरोबर आहे, पण गौण आहे, कारण येथे प्रश्न रहस्य कोणापासून दडवले याचा नसून प्रेमाच्या आणि गुन्ह्याच्या कथेला एकच वस्तू कशी बांधून ठेवते याचा आहे. देवलांनाच ही युक्ती पुढे वेगळ्या अंगाने साधली: १९१६ च्या ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये, आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी प्रहसनावरून घेतलेल्या कथानकात, रस्त्यात पडलेली एक तसबीर फाल्गुनराव आणि कृत्तिका या नवरा-बायकोला गुप्तहेर बनवते आणि गुन्हा घडलेलाच नसल्याने सगळेच गुप्तहेर तोंडघशी पडतात. मराठीत या प्रकारचे लिहू पाहणाऱ्यांनी परदेशी मालिकांची उजळणी करण्याआधी या दोन नाटकांचे अंक एकदा उलगडून पाहावेत.

एवढे करूनही एका चित्रपटाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण दोन कथांना एकच कुलूप लावण्याचे काम त्याच्याइतके चोख क्वचितच झाले आहे. स्टॅन्ली डॉनन यांच्या १९६३ च्या ‘शरेड’मध्ये पॅरिसमधल्या रेजी या तरुण विधवेला कळते की खून झालेल्या नवऱ्याकडे अडीच लाख डॉलर होते आणि त्यामागे तीन माणसे लागली आहेत, तिला मदत करणारा देखणा गृहस्थ आधी पीटर जोशुआ असतो, मग अलेक्झांडर डाइल, मग ॲडम कॅनफील्ड. दर वेळी तिने विश्वास ठेवायचा, दर वेळी तो खोटा निघायचा, आणि तरीही तिने त्याच्यावर भाळायचे, असा हा खेळ आहे. तो कोण, हा प्रेमातलाही प्रश्न आहे आणि तपासातलाही. पीटर स्टोन यांच्या पटकथेने यातून एक अडचणही हुशारीने सोडवली. कॅरी ग्रँट तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते आणि ऑड्री हेपबर्न त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. वयाने एवढ्या मोठ्या पुरुषाने तरुणीच्या मागे लागणे ग्रँट यांनाच पसंत नव्हते, म्हणून मागे लागण्याचे काम नायिकेकडे देण्यात आले. साध्या प्रेमकथेत नायकाचे हे अंग चोरणे अनाकलनीय वाटले असते, पण येथे त्याच्याजवळ लपवण्यासारखे काही असल्याने ते रहस्याचाच भाग होऊन जाते.

खजिनाही असाच समोर ठेवलेला असतो: सगळे सामान उपसणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेल्या एका पाकिटावरची टपाल तिकिटे म्हणजेच ती अडीच लाखांची रक्कम. ती घेऊन रेजी पॅले-रॉयालच्या खांबांच्या रांगेत उभी राहते तेव्हा एका बाजूला अमेरिकी गुप्तचर खात्याचा म्हणवणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला तीन नावांचा प्रियकर असतो, दोघेही दुसऱ्याला खुनी म्हणतात, आणि एकही नवा पुरावा हाती नसताना तिला ठरवायचे असते की तिकिटे कोणाकडे द्यायची. खुनी ओळखणे आणि नवरा निवडणे ही एकच कृती होऊन बसते. ‘तीसरी मंझिल’च्या शेवटी सुनीतापुढे असा पेच टाकला असता तर तो उत्तरार्ध कितीतरी वेगळा झाला असता.

प्रेम आणि खून यांच्या मिश्रणाला आज असलेल्या मागणीचे कारण अर्थातच व्यावसायिक आहे. ॲडम सँडलर आणि जेनिफर ॲनिस्टन यांचा ‘मर्डर मिस्ट्री’ २०१९ मध्ये पहिल्या तीन दिवसांत ३ कोटींहून अधिक खात्यांवर पाहिला गेल्याचे नेटफ्लिक्सने जाहीर केले, तेव्हापासून अशा मिश्रणाला निर्मात्यांची दारे सहज उघडतात. त्या चित्रपटातले जोडपे आधीच विवाहित आहे आणि त्यांच्या कुरबुरींचा प्रेतांशी फारसा संबंध नाही, त्यामुळे खून म्हणजे सहलीतली एक करमणूक उरते. विवाहित जोडप्याची अडचण १९३४ च्या ‘द थिन मॅन’लाही होती, परंतु तेथे निवृत्त गुप्तहेर निकने पुन्हा तपासात उतरावे असा हट्ट त्याच्या बायकोचा, नोराचा, असतो, आणि त्यांच्या संसारातली सारी गोडी व चिडवाचिडवी त्या हट्टाभोवती फिरते. एवढा एक धागा विणायला पटकथेतली जेमतेम दोन-चार पाने खर्च होतात.