पुन्हा धावताना

मॅरेथॉन ही शर्यत तुम्हांला ऐकून माहीत असेल. तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर महिन्यात अशी एक मोठी शर्यत भरते. तिच्यात हजारो लोक धावतात. पण त्यांतील बहुतेकांना पहिला क्रमांक मिळवायचा नसतो. काही जण तर दुसऱ्या कोणासाठी धावत असतात.

दुसऱ्यासाठी धावायचे म्हणजे काय? धावणारा आपल्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना सांगतो, "मी ही शर्यत पुरी करणार आहे. त्यासाठी तुम्ही एका चांगल्या कामाला देणगी द्या." १९८८ साली ब्रूस क्लेलँड यांनी असाच ३८ जणांचा गट तयार केला. त्यांची लहान मुलगी रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. हा गट न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावला आणि त्याने या रोगावरील संशोधनासाठी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले.

लोकांनी विश्वासाने पैसे दिले, की धावणाऱ्यावर जबाबदारी येते. त्यातच आजारपणामुळे किंवा कामामुळे त्याच्या सरावात खंड पडला असेल, तर तो घाई करू लागतो. 'पूर्वी मी रोज दहा किलोमीटर धावत होतो, आजही धावेन,' असे त्याला वाटते. ही घाईच घात करते. ती कशी, ते पाहू.

धावणे थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांतच शरीरातील रक्ताचे प्रमाण थोडे घटते. हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त ढकलते. म्हणून थोड्याशा धावण्यानेही धाप लागते. सराव पुन्हा सुरू केला, की काही आठवड्यांत हृदय आणि स्नायू सुधारू लागतात. दम टिकतो. आता आपण तयार झालो, असे वाटू लागते.

पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा इतक्या लवकर तयार होत नाहीत. हाडावर नवा भार पडला, की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकते आणि मग तेथे नवा भाग बांधते. जुन्या घराची भिंत पाडून नवी बांधावी, तसेच हे काम असते. पाडणे काही आठवड्यांत होते. बांधायला काही महिने लागतात. या मधल्या काळात हाड कच्चे असते. तेव्हा जास्त अंतर धावले, तर नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर पडते. मग शर्यत राहते बाजूलाच आणि कित्येक आठवडे घरी बसावे लागते.

यावर उपाय साधा आहे. सुरुवातीला एक दिवसाआड सराव करावा. थोडे चालावे, थोडे धावावे, पुन्हा चालावे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही रीत नवख्यांना शिकवली आणि लोकप्रिय केली. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग कमी करावा. आठवड्यातून एकदाच लांब पल्ला धावावा आणि तोही हळूहळू वाढवावा. तीन आठवडे अंतर वाढवले, की चौथ्या आठवड्यात ते कमी करावे. हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्रेड लेबो यांनी हा धीर दाखवला. १९७० साली ही शर्यत प्रथमच सेंट्रल पार्क या उद्यानात झाली. १२७ जण धावले. त्यांतील फक्त ५५ जणांनी ती पुरी केली. लेबो हे त्यांपैकी एक होते. त्यांना ४ तास १२ मिनिटे लागली. पुढे १९९० साली त्यांना मेंदूचा कर्करोग झाला. रुग्णालयात असतानाच त्यांनी चालण्याच्या फेऱ्या सुरू केल्या. चालता चालता ते हळूहळू धावू लागले. १ नोव्हेंबर १९९२ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, कर्करोगावरील संशोधनाच्या मदतीसाठी ते पुन्हा मॅरेथॉन धावले. ही शर्यत नऊ वेळा जिंकणाऱ्या नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झ त्यांच्या सोबतीला होत्या. लेबोंचा वेग हाच त्यांनी आपला वेग मानला. दोघांनी ५ तास ३२ मिनिटांत शर्यत पुरी केली.

पूर्वीपेक्षा एक तास वीस मिनिटे जास्त लागली. पण दिलेला शब्द पाळला गेला. १९९४ साली लेबो वारले. त्यांच्या नावाने धावणारा एक गट आजही कर्करोग संशोधनासाठी निधी गोळा करतो.

तुम्हीही कधी तापातून उठून खो-खोच्या किंवा कबड्डीच्या मैदानावर परत जाल. संघातील मित्र तुमची वाट पाहत असतील. तरी पहिल्या दिवशी डाव मागू नका. मैदानाला दोन फेऱ्या चालत मारा. दम लवकर येईल. हाडांना मात्र थोडे दिवस द्या.